केबली कपाटात, दोष सर्व्हरचा

1. आज सकाळी आमच्या कॉलेजच्या अड्याळ शाखेतल्या बारा संगणकांवर ‘सॉफ्टवेअर सक्रिय नाही’ असा संदेश आला.
2. परवाना खरा आहे. फक्त प्रत्येक संगणकाला सहा महिन्यांत एकदा तरी साकोलीच्या मुख्य कॉलेजातल्या सर्व्हरशी संपर्क साधावा लागतो.
3. मुलं नेट पाहतात म्हणून विभागप्रमुख सरांनी सहा महिन्यांपूर्वीच नेटवर्कच्या केबली काढून कपाटात ठेवल्या होत्या.

सर परवान्याची तपासणी चुकवणारा प्रोग्राम पेनड्राइव्हवर घेऊन आले. “मॅडम, हे क्रॅक टाका ना. काहून एवढं टेन्शन घेऊन राहिल्या?”

“परवाना असताना क्रॅक कायले, सर? कपाटाची चाबी द्या.”

केबली जोडल्या. अर्ध्या तासात बाराही संगणक सक्रिय झाले.

मग सर म्हणाले, “अहवालात लिहा, सर्व्हर बिघडला होता.”

सर्व्हर मी सांभाळते. तो बिघडला नव्हता. मी खरं कारण लिहून सही केली.

“तुमच्या नोकरीचा करार वाढवायला मीच पुढे पाठवतो, ध्यानात ठेवा,” सर म्हणाले.

ध्यानात आहे. अहवाल शनिवारी साकोलीला जाईल, आहे तसाच.

ग्रुपमधल्या ज्यांना असं खोटं कारण लिहायला सांगितलं गेलं, त्यांनी काय केलं ते कृपया शुक्रवारपर्यंत इथे लिहा.