आई बसली की बंद पडणारी गाडी

समस्त सुज्ञ वाचकांस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, प्रस्तुत लेखकाचा भूत, पिशाच, करणी आणि भानामती यांपैकी कशावरही विश्वास नाही. पूर्वी नव्हता, पुढे बसला नाही, आणि हा मजकूर लिहिताना, समोर चहा आणि शेवेची ताटली असताना, तर मुळीच नाही. ज्यांना उलटी पावलं आणि पिंपळाचं झाड हवं असेल त्यांनी कृपया पान उलटावं. माझ्याकडे त्यातलं काही नाही. माझ्याकडे एक नवी कोरी मोटार होती... आणि तिची वॉरंटी चालू होती.

नव्वदीचं दशक उतरणीला लागलं होतं. तोवर बडोद्यात मोटार म्हणजे ठरलेल्या दोन-तीन जाती. त्यातली कुठलीही दुरून आवाजावरून ओळखता यायची. मग एकाएकी नवनव्या कंपन्या आल्या, काचेच्या भिंतींची शोरूम आली, आणि माझ्यासारख्या स्कूटरवाल्याला आत बोलावून थंडगार पाणी पाजणारे टायवाले तरुण आले. मी बाजव्याकडच्या एका कारखान्यात मेंटेनन्समध्ये होतो. बंद पडलेली यंत्रं चालू करणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग - हे लक्षात ठेवा, म्हणजे पुढच्या फजितीची चव नीट लागेल. राहायला दांडिया बाजारात. घरात मी, बायको शुभांगी आणि आई. वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती.

गाडी मोरपंखी निळी. गल्लीतली पहिली नव्या जमान्याची गाडी. पहिला आठवडा मी ती नुसती मिरवली. भाजी आणायला, दळण आणायला, समोरच्या पानवाल्याकडे सुपारी आणायलासुद्धा. गाडी लोण्यासारखी चालायची.

मग एका सकाळी आईला म्हटलं, चल, तुला भजनाला सोडतो. आमच्या गल्लीपासून रामाचं देऊळ चालत गेलं तर गाडी काढण्याआधी पोचाल इतकं जवळ. पण गाडीतून उतरण्याची मजा वेगळी. आई मागे बसली, पदर सारखा केला, पर्स मांडीवर घेतली. गल्लीच्या तोंडाशी आलो आणि इंजिन बंद झालं.

आचका नाही, खोकला नाही, धूर नाही. कुणीतरी हलक्या हातानं किल्ली फिरवावी तसं. भजनी मंडळाच्या बायका देवळाच्या पायऱ्यांवरून बघत होत्या. मी किल्ली फिरवून फिरवून थकलो. शेवटी आई उतरली आणि चालत गेली. ती चार पावलं गेली असेल-नसेल, गाडी पहिल्या झटक्यात चालू.

इथून माझी सयाजीगंजची वारंवार यात्रा सुरू झाली. आमच्या डीलरचं वर्कशॉप तिथे होतं आणि तिथले सर्व्हिस मॅनेजर होते हसमुखभाई. नावाला जागणारा माणूस. गाडीचं काहीही झालेलं असो, हसत हसत बोनेट उघडायचे आणि हसत हसत बंद करायचे. त्यांनी प्लग साफ केले. मग बदलले. मग पेट्रोलचा पंप बदलला. मग म्हणाले, हिच्यात कॉम्प्युटर असतो, तोच वेडा झालाय, तो बदलला. दर वेळी स्वतः चक्कर मारून गाडी हातात द्यायचे आणि म्हणायचे, "एकदम टनाटन. आवजो, जाधवभाई!" आता बडोद्यात निरोप घेताना सगळेच 'आवजो' म्हणतात, म्हणजे परत या. माझी गाडी ते फारच मनावर घ्यायची.

कारण आईला भजनाला सोडायला निघालो की ती बंद. आईला डॉक्टरकडे न्यायला निघालो की बंद. एरवी मी एकटा बाजव्याला जाऊन-येऊन करायचो तर कुठे साधी उचकी नाही.

खरं तर हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. मेंटेनन्समधला माणूस मी! पण लक्षात आलं शुभांगीच्या. एका संध्याकाळी मेथी निवडता निवडता ती आवाज खाली आणून म्हणाली, "अहो, तुम्ही बघितलंत का... आई असल्या कीच बंद पडते."

मी तिला हसलो. गाडीला काय कळतंय, मागे कोण बसलंय ते, असं काहीतरी म्हणालो. ती म्हणाली, गाडीला नसेल कळत, पण पडते ना. आत देवापाशी वात वळत बसलेल्या आईनं हे ऐकलं. दुसऱ्या दिवसापासून तिचा गुडघा दुखायला लागला.

आणि मग तो दुखतच राहिला. गाडीत बसणं तिनं बंद केलं हे ठीक, पण चालत भजनाला जाणंही बंद केलं. कारण मला शुभांगीकडून कळलं. भजनी मंडळातली एक बाई गमतीनं म्हणाली होती, काकू रिक्षात बसल्या तर रिक्षावाल्याचा धंदा बुडेल. बाकीच्या हसल्या, आईसुद्धा हसली. घरी आली आणि चपला आत उचलून ठेवल्या. रात्री जेवताना एकदाच म्हणाली, "पायगुण असतो एकेकाचा. ह्यांच्या सायकलवर बसले की ती पंक्चर व्हायची." मी म्हटलं, आई, तेव्हा रस्तेच तसे होते. ती म्हणाली, हो, आणि आता गाड्याच अशा आहेत. पुढे ताक वाढून घेतलं.

तोवर मला राग होता तो गाडीचा. त्या रात्रीपासून गाडी राहिली बाजूला. घरातून रोज टाळ घेऊन बाहेर पडणारी बाई खिडकीशी बसून गल्ली बघायला लागली होती, आणि तिची खात्री पटत चालली होती की आपण जिथे बसू तिथलं चाक थांबतं. ही खात्री मला मोडून काढायची होती.

मी हसमुखभाईंना सगळं सांगितलं. ते हसले नाहीत, हे त्यांचं मोठेपण. वजनाचा प्रॉब्लेम असेल म्हणाले. मग आम्ही आईच्या वजनाची गव्हाची पोती मागच्या सीटवर ठेवून फिरलो. गाडी मजेत. मग ते म्हणाले, पोत्यात आणि माणसात फरक असतो, आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच्या बांना, म्हणजे आईला, घेऊन आले. हसमुखभाईंच्या बा - वयानं, वजनानं, पदरानं थेट आमच्या आईसारख्या. त्या मागे बसल्या, टेप लावायला सांगितला, बाजव्यापर्यंत गेल्या, वाटेत भजी खाल्ली, परत आल्या आणि म्हणाल्या गाडी सरस आहे, आपणही घेऊ. हसमुखभाईंचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

शेवटी मी कंपनीला इतकं छळलं की त्यांनी लांबून एक इंजिनियर पाठवला. मिस्टर राघवन. उंच, चष्मा, इस्त्रीचा शर्ट, हातात मीटरची पेटी. बोलणं ठरलं ते असं: बिघाड त्यांच्या डोळ्यांसमोर दिसला आणि सापडला तर गाडी बदलून मिळेल. मी हरखलो. नवी गाडी आली की आईला तिच्यात बसवायचं, ती चालणार, आणि पायगुणाचा निकाल कायमचा लागणार!

फक्त त्यासाठी एकदा आईनं या गाडीत बसायला हवं होतं.

मी नाना परीनं घोळवलं. म्हटलं, साहेब आलेत, तुला विचारायचंय, तू साक्षीदार आहेस. तिनं माझं सगळं भाषण ऐकून घेतलं.

"म्हणजे बंद पाडायला नेतोस."

"तसं नव्हे गं..."

"चल," ती उठत म्हणाली. "एवढं एक काम मला जमतं."

तर मंडळी, भर सकाळचं लख्ख ऊन. मी चालवायला, राघवन शेजारी, मागे आई आणि हसमुखभाई. गाडी गल्लीत अर्ध्यावर पोचली आणि नेहमीसारखी झोपी गेली. राघवनना आनंद झाला. उडी मारून उतरले, बोनेट उघडलं, पेटी उघडली. पेट्रोल येतंय का? येतंय. ठिणगी येतेय? येतेय. बॅटरी? भरलेली. जे जे यायला हवं ते सगळं येत होतं, फक्त गाडी पुढे येत नव्हती.

मग त्यांनी आईला उतरायला सांगितलं. किल्ली फिरवली, चालू. आईला बसायला सांगितलं. बंद. उतरा. चालू. बसा. बंद. वायरी हलवून पाहिल्या, सीट उचलून पाहिली, आईच्या पर्समध्ये काही लोखंडी आहे का तेही पाहिलं. पर्समध्ये जपाची माळ आणि खडीसाखर. पुन्हा बसा. पुन्हा उतरा. राघवनचे कान लाल झाले. गल्ली गोळा झाली, वरच्या खिडक्या उघडल्या, कुणीतरी तर सांगायला लागलं की आजी, आता उतरा बघू... आणि मघापासून ही सगळी गंमत आपण पुढे लोकांना कशी सांगू याची जुळवाजुळव करणारा मी, आईकडे बघून भानावर आलो. ती रस्त्याच्या मधोमध उभी होती, पदर घट्ट ओढून, आणि कुणाच्याही नजरेला नजर देत नव्हती.

मी म्हटलं, पुरे. नको मला गाडी बदलून.

तेवढ्यात हसमुखभाई कुठूनसे आले. मधल्या वेळात ते कोपऱ्यावरच्या पूजेच्या दुकानात जाऊन आले होते. हातात नारळ, कुंकवाची पुडी, झेंडूची दोन फुलं. जेवणाची वेळ होत आली होती आणि त्यांना हे प्रकरण कसंही करून मिटवायचं होतं. त्यांनी पुडी सरळ आईपुढे धरली. म्हणाले, बा, चांदलो करो. टिळा लावा गाडीला.

आई दोन पावलं मागे सरकली. "मी कशी? सून आहे ना."

शुभांगी गर्दी बघून खाली आलेलीच होती. हसमुखभाईंनी तिच्याकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाले, "वहुए तो पहेले दिवसे कर्यो हतो. शुं फेर पड्यो?"

सुनेनं तर पहिल्या दिवशी लावलंच होतं की. काय फरक पडला?

आता खरं होतं ते. गाडी घेतली त्या दिवशी शोरूममध्ये पूजा झाली. शुभांगीनं कुंकू लावलं, मी नारळ फोडला, आई आमच्या पिशव्या आणि पाण्याची बाटली धरून काचेच्या दरवाजाशी उभी होती. तिला कुणी लांब उभं राहा म्हटलं नव्हतं. आमच्याकडे हे कुणी म्हणत नाही. नवरा गेलेल्या बाईनं अशा वेळी कुठे उभं राहायचं ते तिचं तिला ठाऊक असतं आणि बाकीच्यांना ते दिसतसुद्धा नाही. मला नव्हतं दिसलं.

शुभांगीनं हसमुखभाईंच्या हातातून पुडी घेतली, उघडली आणि आईपुढे धरली. "लावा, आई."

आईनं आधी वरच्या खिडक्यांकडे पाहिलं. मग गाडीकडे. मग बोट बुडवलं. मला वाटलं, एक टिकली टेकवून मोकळी होईल. कसली मोकळी! बोनेटवर चांगलं ऐसपैस स्वस्तिक काढलं, चारही चाकांना लावलं, स्टिअरिंगला लावलं, राघवनच्या मीटरच्या पेटीला लावलं. राघवननं मुकाट्यानं कपाळ पुढे केलं, तर त्यांनाही लावलं. हसमुखभाईंनी नारळ फोडला. आई मागे जाऊन बसली. मी किल्ली फिरवली.

चालू.

चालू, आणि चालूच राहिली! त्यानंतर ती गाडी आमच्याकडे कितीतरी वर्षं होती, आई तिच्यातून जिथे म्हणून जायचं तिथे गेली, आणि मागे आई असताना ती एकदाही बंद पडली नाही. राघवननं कंपनीला लिहिलं, बिघाड आढळला नाही. त्यामुळे गाडी काही बदलून मिळाली नाही. मला खासगीत म्हणाले की इतक्या वेळा वायरी हलवल्यामुळे कुठलातरी सैल जोड बसला असेल. असेल. मी तीस वर्षं मेंटेनन्समध्ये काढली, सैल जोड मलाही माहीत आहेत. पण माणूस बघून सुटणारा जोड मी पाहिलेला नाही. आणि तुम्ही म्हणाल, कुंकवाचा महिमा, तर तेही जमत नाही. कारण पुढे हसमुखभाईंनी दुसऱ्या एका हट्टी गाडीसाठी आईला खास बोलावून नेलं, तिनं तिथेही साग्रसंगीत स्वस्तिक काढलं, आणि त्या गाडीवर काडीचाही परिणाम झाला नाही. आईला नाश्ता मात्र उत्तम मिळाला. तेव्हा स्पष्टीकरण माझ्याकडे तेव्हा नव्हतं आणि आजही नाही. कुणाला सुचलं तर जरूर कळवा. फक्त वजनाचं सांगू नका, ते करून झालंय.

त्या दिवशी पुढे काय झालं एवढं सांगतो. गाडी गल्लीच्या तोंडाशी आली. मी श्वास रोखला, राघवननं रोखला, हसमुखभाई डोळे मिटून पुटपुटत होते. गाडी वळली आणि देवळासमोर आली. भजन नुकतं संपलं होतं, बायका पायऱ्यांवर चपला शोधत आपापल्या गप्पांत होत्या. आमच्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. आरशात मला आई दिसली - ताठ बसलेली, मान बाहेर वळवलेली, बोटं अजून लाल. आणि इतके दिवस गुडघ्याचं निमित्त करून गप्प बसलेली माझी आई मागून ओरडली,

"अरे मेल्या, हॉर्न वाजव की, त्या बघत नाहीयेत!"