जाते म्हणू नये

पाचगणीत मी बंगल्यांच्या काचा पुसायचे, असं सांगितलं की समोरचं माणूस लगेच विचारतं, म्हणजे धुणीभांडी करायचात होय? छे हो! धुणीभांडी करण्यात कमीपणा आहे असं नव्हे, पण मी ती करत नव्हते. आमचा काचांचा धंदा होता. शिडी आमची, फडकी आमची, गिऱ्हाइकं आमची. मी पुसलेल्या खिडकीत काच आहे की नाही, ते बोट लावून बघावं लागायचं. फुशारकी वाटते? वाटू दे. आहेच ती फुशारकी.

धंदा मूळचा आमच्या मालकांचा. मालक म्हणजे माझा नवरा. त्यांचं नाव मी तेव्हा कधी तोंडाने घेतलं नाही, आता काय घेणार!

माझं माहेर सांगलीच्या पूर्वेचं, मेंढरं राखणाऱ्यांचं. तिकडे पाऊस म्हणजे पाहुणा, आणि खिडकी म्हणजे भिंतीतलं भोक. लग्न करून पाचगणीला आले तर इथे पाऊस मुक्कामालाच. चार महिने ढग घरात येऊन बसायचे. लोक बंगल्यांना गवताचे तट्टे बांधून ठेवायचे आणि दसऱ्याच्या सुमाराला ते सोडायचे. तट्ट्यांमागच्या काचांवर तोवर हिरवं शेवाळ चढलेलं असायचं. मालकांनी मला रीत शिकवली होती. खडूची पूड पाण्यात कालवून काचेला फासायची, चांगली वाळू द्यायची, आणि मग जुन्या धोतराच्या फडक्याने निपटून काढायची. वाळायच्या आधी हात लावलास तर काचेवर पट्टे उठतात, असं ते दहादा बजावायचे. मी म्हणायचे, कळलं हो, मी काय बहिरी आहे?

मग लढाई सुरू झाली आणि मालक पलटणीत गेले. त्यांच्या घरात कुणी ना कुणी पलटणीत असायचंच, त्यामुळे कुणी अडवलं नाही. वाईच्या मोटारीवर ट्रंक चढवून झाल्यावर ते मला म्हणाले, ‘‘माजी घरं संभाळ. मी आल्यावर एकबी घर कमी झालेलं दिसाय नगं.’’ घरं म्हणजे गिऱ्हाइकांची घरं. मग आईच्या पाया पडले, ‘‘येतो,’’ म्हणाले, आणि मोटारीत बसले. जाताना नवऱ्याने बायकोला दुसरं काही सांगावं की नाही? पण सांगितलं ते एवढंच, आणि मी तिथल्या तिथे ठरवलं की एकही घर जाऊ द्यायचं नाही.

दुसऱ्या दिवशी कासोटा आवळून मी शिडीवर चढले. खाली शिडी धरायला सासूबाई. मी त्यांना आत्याबाई म्हणायचे. बाई हाडाची काटक आणि तोंडाची फटकळ. बाजारपेठेत कुजबुज झाली की बघा, सून झाडावर चढावं तशी चढते. आत्याबाई भर रस्त्यात थांबून म्हणाल्या, ‘‘चढती. तुमची सून चढून दावंल का?’’ पुन्हा कुणी बोललं नाही.

तोंडं गप्प करणं सोपं होतं. गिऱ्हाइकं जागेवर आणणं अवघड! अहो, काय एकेक नग होते. एका बंगल्याचे धनी मुंबईहून निरोप धाडायचे, रविवारी या. आम्ही शिडी खांद्यावर घेऊन डोंगराच्या त्या टोकाला जावं तर फाटकाला कुलूप. धन्यांचा बेत बदलला म्हणे. दुसऱ्या एका बाई दारात आमची शिडी बघून कपाळाला हात लावायच्या, ‘‘अगं बाई, आज होय? मी आपलं उद्या म्हटलं होतं.’’ उद्या गेलं की पाहुणे. परवा गेलं की अमावस्या. एका वकिलांनी तर विहिरीवरून पाणी भरून घेतलं, खडू कालवून घेतला, आणि मग म्हणाले, आता राहू दे, ऊन फार झालंय. माझं डोकं असं फिरलं की ती बादली... जाऊ दे. नाही ओतली.

मालक होते तेव्हा हेच लोक असे वागत होते का? थोडेफार वागत असतील. पण आता त्यांना वाटायचं, बायका आहेत, येतील हेलपाटे घालत. आणि दोन-चार हेलपाटे फुकट गेले की घर हातचं सुटायचं. वाईचा एक काचा पुसणारा टपूनच होता. तो दोन घरं घेऊन गेला तेव्हा मी रात्री जेवले नाही. आत्याबाईंनी ताट माझ्यापुढे सरकवलं आणि म्हणाल्या, ‘‘उपाशी ऱ्हाऊन शिडी चढशील व्हय? खा. उद्या बघ गंमत.’’

दुसऱ्या दिवशी त्या पाहुणे-अमावस्यावाल्या बाईंकडे गेलो. बाई ठरल्याप्रमाणे म्हणाल्या, ‘‘उद्या या हं.’’ आत्याबाईंनी मान डोलावली. ‘‘बरं. मग शिडी हितंच ठिवतो. म्हातारीच्यानं सारखी उचलवत न्हाई.’’ आणि आमची बांबूची शिडी त्यांनी बाईंच्या अंगणात, बरोबर दारासमोर आडवी टाकली.

बांबूची शिडी दारात आडवी टाकली की कशी दिसते ते सांगायला नको. तिरडीच! बाईंचं तोंड पांढरं पडलं. ‘‘अहो, उचला ती! घरात म्हातारं माणूस आहे!’’

‘‘उद्या उचलतो की,’’ आत्याबाई म्हणाल्या.

‘‘उद्या नको, आज! आत्ता! पुसा काचा!’’

पुसल्या. हसू दाबून दाबून माझ्या पोटात दुखायला लागलं होतं. पुढे ही युक्ती गावभर झाली आणि मग आम्ही फाटकात दिसलो की आतून आधीच आवाज यायचा, ‘‘शिडी उभीच ठेवा हं!’’ सुटलेल्या दोन घरांतलं एक परत आलं, आणि त्याच्या शेजारचं एक नवं लागलं.

पण एका ठिकाणी शिडीचा काही उपयोग नव्हता. ती म्हणजे मुलींची शाळा. टेबललँडच्या वाटेवर, सिल्व्हर ओकच्या झाडीत दगडी इमारत, आणि बघावं तिकडे काच. मालकांचं सगळ्यांत मोठं घर ते. शाळा गेली असती तर बाकीची घरं असून नसल्यासारखी. आणि नेमकी त्याच वर्षी जुनी मडम विलायतेला परत गेली आणि नवी आली. नवी मडम उंच, सुकलेली, आणि मराठी पुस्तकातून शिकलेली. तिच्यापुढे शिडी आडवी टाका नाहीतर उभी करा, तिला तिरडी काय ठाऊक!

पहिल्यांदा गेलो तेव्हा ती म्हणाली, ‘‘काचा अस्वच्छ आहेत. पाहू.’’ मी म्हटलं, बरं, येते. आणि घरी आलो. दोन दिवसांनी शिडी घेऊन गेलो तर मडमेचं तोंड आंबट. ‘‘आज नाही.’’ मी म्हटलं, बरं, येते. पुन्हा गेलो तर दारातूनच हात हलवला, नाही, नाही. मी दात खाल्ले, तरी रीत म्हणून म्हटलंच, येते. घरी येऊन आत्याबाईंना म्हटलं, सगळ्या पाचगणीत हिच्यासारखं बेभरवशाचं गिऱ्हाईक नाही.

आणि मग शाळेचा माळी बाजारात भेटला. म्हणाला, ‘‘वयनी, मडम वाईवाल्याला बोलावणार हाय. म्हनती ही बाई लबाड हाय, लय खोटं बोलती.’’

मी? लबाड? अहो, माझ्या अंगाचा असा भडका उडाला की मी होते तशी तडक शाळेकडे निघाले. आत्याबाई मागून ओरडतायत, आगं हळू, आगं थांब, आणि मी चढ चढतेय. मडम व्हरांड्यात बसली होती. मी विचारलं, ‘‘मी काय खोटं बोलले? सांगा, काय खोटं बोलले?’’

मडम उठून उभी राहिली. तीसुद्धा रागावलेलीच. शब्द जुळवत म्हणाली, ‘‘तू तीन वेळा ‘येते’ असे म्हणालीस. मी मुलींना वर्गाबाहेर बसवले. बाके हलवली. उष्ण पाणी ठेवले. पाणी थंड झाले. तू आली नाहीस. तू असत्य भाषण करतेस.’’

म्हणजे मी येते म्हणून घरी जायचे, आणि ही इकडे बादल्या भरून माझी वाट बघत बसायची! आणि दोन दिवसांनी मी उगवले की हिच्या कपाळाला आठ्या. बेभरवशाचं कोण, तर मी!

‘‘मडम, निघताना येतेच म्हणतात हो,’’ मी म्हटलं.

‘‘निघताना ‘जाते’ म्हणतात. जाणे, क्रियापद. पुस्तकात आहे.’’

एव्हाना धापा टाकत आत्याबाई पोचल्या होत्या. त्यांनी ते ऐकलं आणि दोन्ही हात कानांवर ठेवले. ‘‘आगं माजे बाई! जाते म्हनू नये! जिती मानसं येते म्हंत्यात. गेली म्हंजे मेली!’’

सगळं व्याकरण त्यांनी तीन शब्दांत संपवलं. मडमेनं त्यांच्याकडे बघितलं. मग तिच्या त्या सुकलेल्या तोंडावर हसू आलं, आणि हसू लागली ती लहान पोरीसारखी, खुर्चीची पाठ धरून. मीही हसले. राग कुठल्या कुठे गेला.

हसून झाल्यावर मडमेनं विचारलं, ‘‘परंतु जो खरोखर येणार आहे तोही ‘येतो’ म्हणतो, आणि जो जात आहे तोही. मग कोण येणार ते कसे ओळखावे?’’

‘‘त्ये न्हाई वळकता येत,’’ आत्याबाई म्हणाल्या. ‘‘माजा ल्योक येतो म्हनून लढाईवर गेलाय. ह्या काचा त्येच्याच हायेत, आमी राखतोय. त्यो आला की तुमास्नी दावाय आनते. मग तर पटंल?’’

मडम हसायची थांबली. ‘‘आण,’’ ती म्हणाली. ‘‘अवश्य आण.’’

त्या दिवशी बाकं पुन्हा हलली, पाणी पुन्हा तापलं, आणि मी शाळेची पहिली काच पुसली. संध्याकाळी ऊन फिरलं आणि सगळी रांग अशी झळकली की खालून आत्याबाई म्हणाल्या, ‘‘दिष्ट लागंल, पोरी.’’ त्यानंतर आम्ही निघताना येते म्हटलं की मडम मुद्दाम विचारायची, ‘‘कधी?’’ आणि आत्याबाई ठसक्यात सांगायच्या, ‘‘शनवारी!’’ दर वेळी तेच, आणि दर वेळी दोघी हसायच्या. मडमेच्या सांगण्याने आणखी एक शाळा लागली, दोन पारशी बंगले लागले. लोकांनी उद्या-परवा करायचं सोडलं असं नाही, लोक कसले सोडतात! पण वाईवाला मात्र यायचा बंद झाला.

लढाई संपली. मालकांचं पत्र आलं, सुटका होतेय, येतो. आत्याबाई त्या दिवसापासून मोटारीच्या वेळेला नाक्यावर जाऊन बसायच्या. थंडी मी म्हणत होती. मी किती ओरडले, पण ऐकतील तर शपथ. छातीत कफ धरला, आणि चार दिवसांत सगळं आटोपलं. लेक तेव्हा मुंबईपर्यंत पोचला होता. ते आठवलं की अजून मला त्या मोटारींचा राग येतो. आणि पलटणीने त्यांना थोडं लवकर सोडलं असतं तर कुणाचं काय बिघडलं असतं?

मालक आले ते पाय ओढत. गुडघ्यात गोळीचा तुकडा राहिला होता. दिवसपाणी झाल्यावर एका सकाळी त्यांनी खालच्या मानेने विचारलं, ‘‘घरं किती ऱ्हायली?’’ मी म्हटलं, चला. आणि सबंध पाचगणी फिरवून आणली. हे आपलं, हेही आपलं, हे नवीन, हेही नवीन. ते लंगडत मागून येत होते. शेवटी म्हणाले, ‘‘आगं, ही माजी न्हवतीच की घरं.’’

‘‘माझी आहेत,’’ मी म्हटलं. ते सांगताना माझी छाती अशी भरून आली होती! लपवू कशाला?

थंडीची सुट्टी संपून शाळा उघडली त्या दिवशी मी शिडी घेतली आणि मालकांना बरोबर घेऊन मडमेकडे गेले. शब्द दिलेला होता, तो पुरा करायचा होता. मडम सुट्टीत मुंबईला होती, तिला काहीच माहीत नव्हतं. व्हरांड्यात पलटणीचा कोट घातलेला माणूस बघून ती झटकन उठली.

‘‘हे बघा, मडम,’’ मी म्हटलं. ‘‘येतो म्हणून गेले होते.’’

‘‘आला!’’ मडम म्हणाली, आणि तिने मालकांचा हात दोन्ही हातांत घेतला. मग हसत माझ्या मागे बघितलं, शिडीच्या बाजूला बघितलं. ‘‘आणि ती कुठे आहे? ती दाखवायला आणणार होती.’’

‘‘त्या गेल्या,’’ मी म्हटलं.

मडमेनं ‘कधी येणार’ असं विचारलं नाही. मालकांचा हात तिने तसाच धरून ठेवला होता.

मग ती आत गेली आणि बाकं हलवायला सांगितली. मी शिडी भिंतीला टेकवली, कासोटा आवळला आणि मालकांना म्हटलं, ‘‘धरा.’’ ते आईच्या जागेवर उभे राहिले, आणि त्यांनी शिडी धरली.