शिक्का बसलेला हेडसेट

पत्रक लिहायला मी कॉलेजात शिकले. पहिल्या ओळीत मागणी, दुसरीत जबाबदार कोण, तिसरीत सभा कुठे आणि किती वाजता. तेव्हा सवयीप्रमाणे आधीच सांगून टाकते: पहिल्या पिढीचा महागडा मिश्र वास्तव हेडसेट विकत घेऊ नका! जबाबदार, आमच्या वाचनालयाची कार्यकारिणी. सभा होऊन गेली.

वाचनालय रत्नागिरीतलंच. नाव लिहीत नाही. लिहिलं तर अध्यक्ष सर तक्रार घेऊन घरी येतील आणि आई माझी बाजू घ्यायची सोडून त्यांना चहा देईल. वरच्या मजल्यावर अभ्यासिका आहे. तिथे आम्ही अकरा मुली सकाळी नऊ ते संध्याकाळी सात स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करायचो. मुलगेही होते, पण त्यांचा प्रश्न मागच्या चिऱ्याच्या गडग्याच्या आडोशाने सोडवलेला होता. आमचा प्रश्न समोरच्या घरातल्या काकूंनी सोडवला होता. काकू प्रेमळ बाई. कधीही या, म्हणायच्या. फक्त दुपारी एक ते चार झोपायच्या आणि झोपताना आतून कडी घालायच्या. म्हणून आम्ही अकरानंतर पाणी पीत नसू. राजापूरकडून येणारी मैत्रीण तर एसटीत बसल्यापासूनच घोट घेत नसे. मार्चमध्ये काकू लेकीच्या बाळंतपणाला मुंबईला गेल्या, तीन महिन्यांसाठी, घराला कुलूप लावून. आता मात्र हा प्रश्न काकूंच्या झोपेवर ढकलण्यासारखा राहिला नाही.

मी पत्रक क्रमांक एक काढलं. "वाचनालयात मुलींसाठी स्वच्छतागृह झालंच पाहिजे!" अध्यक्ष सर निवृत्त मुख्याध्यापक. त्यांनी पत्रक वाचलं, लाल पेनाने दोन वेलांट्या सुधारल्या आणि मला परत दिलं.

"मागणी रास्त आहे गो. पण निधी?"

निधी होता. मूळचे इथलेच, मुंबईत मोठे झालेले एक साहेब वडिलांच्या स्मरणार्थ देणगी देणार होते. आमच्याकडे स्मरणार्थ नसलेली वस्तूच नाही. घड्याळ स्मरणार्थ, कपाटं स्मरणार्थ. पंख्याच्या पात्यांवरसुद्धा नावं आहेत, ती वीज गेली की वाचता येतात.

"मग स्वच्छतागृहावर लावा की त्यांच्या वडिलांचं नाव," मी म्हटलं.

सरांनी आधी मागे कोण उभं आहे का ते पाहिलं. "अगो, तिथे कोण वडिलांचं नाव लावील? उद्या पोरी म्हणायच्या, थांब गं, जरा अमुकरावांकडे जाऊन येते."

साहेबांनी ठरवलं होतं वेगळंच. 'मिश्र वास्तव दालन'. म्हणजे डोळ्यांवर बांधायचं एक यंत्र, ज्यातून आपली खोलीही दिसते आणि खोलीत नसलेल्या गोष्टीही दिसतात. आमच्या इमारतीत काय नाही ते यंत्र न बांधताही दिसत होतं, पण ते असो.

पत्रक क्रमांक दोन. ही पहिली आवृत्ती आहे, पुढची हलकी आणि स्वस्त येईल आणि हा डबा कपाटात जाईल. एका वेळी एकच माणूस बघणार, बाकीचे त्याच्याकडे बघणार. बिघडला तर रत्नागिरीत उघडून पाहणाराही कोणी नाही. आणि एवढ्या पैशांत दोन स्वच्छतागृहं होतात, टाकीसकट! छापखान्यातून गरम गरम आणून सरांच्या हातात दिलं.

"तू घालून बघितलास?" सरांनी विचारलं.

"नाही."

"म्हणजे पुस्तक न वाचता परीक्षण लिहिलंस."

मला राग आला.

हेडसेट आला. दुकानदाराने पंधरा दिवस वापरून बघायला दिला होता. पसंत पडला तर पैसे, नाहीतर जसाच्या तसा परत. एका रविवारी साहेब स्वतः आले, बरोबर त्यांची आई. पांढरं पातळ, हातात पिशवी, ऐंशीच्या पुढच्या. आजींना पहिल्या रांगेत बसवलं. खालच्या सभागृहात माणसं जमली. आम्ही अकराजणी मागच्या भिंतीला उभ्या, माझ्याकडे उरलेली पत्रकं.

दहाला सुरुवात झाली. एक वाजेपर्यंत सहा माणसं झाली. खोटं नाही, सहा. कारण यंत्राला प्रत्येक नव्या माणसाचे डोळे ओळखावे लागतात. त्याने सांगितलेल्या ठिपक्यांकडे टक लावून बघायचं, हात पुढे करून दाखवायचे. चष्मा आत मावत नाही. आमच्या वाचनालयात चष्मा नसलेला सभासद म्हणजे बालविभाग. ग्रंथपाल काका चष्मा काढून बसले, तर त्यांना ठिपकेच दिसेनात. "कुठे आहेत? कुठे आहेत?" करत ते आमच्याकडे तोंड करून हसत राहिले.

मग सर बसले. या यंत्रात बटण नसतं. अंगठा आणि पहिलं बोट जुळवलं की 'हे निवडलं' असं ते समजतं. आणि सर चाळीस वर्षं फळ्यापुढे बोटं जुळवूनच बोलत आले.

"पहिला मुद्दा असा की," म्हणत सरांनी चिमूट केली. काहीतरी उघडलं. "दुसरा मुद्दा," आणखी काही उघडलं. तिसऱ्या मुद्द्याला यंत्राची भाषा बदलली. यंत्रात दिसणारं साहेब मोबाइलवर बघत होते, त्यांनाही ती लिपी वाचता येईना.

"सर, हात मांडीवर ठेवा."

"हात मांडीवर ठेवून बोलू कसा मी?"

सभागृह हसलं. मीही हसले, आणि तेवढ्यात सरांनी टोप काढून माझ्यापुढे धरला. "ये. परीक्षण लिहिणाऱ्या बाई, या."

मी गेले. कपाळावर ते धूड बसलं, तशी डांबरगोळ्यांचा वास आला. मान पुढे ओढली गेली. ठिपके मोजून झाले. आधी आपलं सभागृहच दिसत होतं, जरा धुरकट; आजी, कपाटं, भिंतीला टेकलेल्या मैत्रिणी. मग चरित्रांच्या कपाटामागून, भिंतीतूनच, एक देवमासा आला. खऱ्याएवढा. कपाटं त्याच्या पोटाखाली छोटी दिसायला लागली. त्याने माझ्याकडे एक डोळा वळवून पाहिलं आणि डोक्यावरून जायला निघाला.

मी टेबलाखाली गेले.

"आई गं!" असं मी ओरडल्याचं नंतर दहाजणांनी सांगितलं. मैत्रिणींपैकी एकीने ते चित्रितही केलं. मला ते कबूल आहे. मी कधी एवढं सुंदर काही पाहिलं नव्हतं, आणि बाहेर आल्यावर साहेबांना मी तसं सांगितलं. माझी चळवळ त्या दोन मिनिटांत जवळजवळ संपली होती. पण मान दुखत होती, नाकावर वळ उठला होता, रांगेत अजून चाळीस माणसं होती आणि बॅटरी संपत आली होती. मी उभ्या उभ्याच पत्रक क्रमांक तीन तोंडी सांगितलं, माझं सगळ्यांत छोटं: "हेडसेट उत्तम आहे. तरीही नको."

साहेब काही बोलणार, इतक्यात आजींनी माझा हात धरला आणि खाली वाकवून कानात विचारलं, "बाय गो, इथे जायला कुठे आहे?"

"नाही, आजी."

"नाही म्हणजे?"

"नाही म्हणजे नाहीच."

तीन तास बसल्या होत्या बिचाऱ्या. समोर काकूंचं कुलूप. मी रिक्षा थांबवली आणि त्यांना आमच्या घरी नेलं. रिक्षात त्या प्रत्येक गतिरोधकाला माझं मनगट आवळत होत्या. परत निघताना आईने त्यांना चहा विचारला. त्या घाईने म्हणाल्या, "नको हो, परत तिथेच बसायचंय."

आम्ही आलो तर सभागृहात गोंधळ. आईला रिक्षाने का न्यावं लागलं ते कळल्यावर साहेबांचं मन वळलं होतं, हेडसेट परत पाठवू म्हणाले होते. डब्यात भरायला घेतला तेव्हा दिसलं: डोक्यामागच्या मऊ पट्ट्यावर जांभळ्या शाईत वाचनालयाचा गोल शिक्का. एक नाही, तीन. आत कपाळाच्या गादीवर दाखल क्रमांक.

"वस्तू आली की आधी शिक्का," ग्रंथपाल काका म्हणत होते. "तीस वर्षं हेच करतोय. शिक्क्याशिवाय कपाटात कशी ठेवू?" डांबरगोळ्याही त्यांच्याच.

दुकानदार फोनवर ओरडत होता. जसाच्या तसा नाही, परत घेणार नाही.

सर माझ्याकडे वळले. आवाजात विजय नव्हता, हे मात्र सांगायला हवं. "आता घ्यावाच लागणार गो. निधी यातच गेला."

माझ्या कुठल्याच पत्रकात शिक्क्यावर उत्तर नव्हतं. राजापूरची मैत्रीण दप्तर उचलून एसटीला निघाली.

"तुला आवडतो ना रे तो टोप?" आजींनी मुलाला विचारलं.

"आवडतो, पण..."

"मग तूच घे, तुझ्या पैशांनी. दिवाळीला घालून बस. आणि देणगीतून इथे पोरींना संडास बांध."

"आई, त्यावर बाबांचं नाव कसं..."

"त्यांचं पंख्यावर लाव. त्यांना गरम फार व्हायचं. संडासावर माझं लाव."

"स्मरणार्थ असतं ते, आई. तू आहेस ना!"

"मग 'आहे' असं लिही."

सरांनी विरोध करायला बोटं जुळवली आणि तशीच खाली घेतली.

हेडसेट साहेबांबरोबर मुंबईला गेला. दाखल नोंदवहीतून तो काढायला सर्वसाधारण सभेचा ठराव लागतो, म्हणून ग्रंथपाल काकांनी तो त्यांच्या नावावर वाचायला दिला असं लिहून ठेवलंय आणि महिन्याला एक स्मरणपत्र पाठवतात.

टाकीचा खड्डा खणायला पूर्ण मे महिना गेला. खाली सगळा जांभा दगड. पावसाच्या आधी काम झालं. उद्घाटनाला नारळ, हार, माइक, सगळं. फीत कापून झाल्यावर सरांनी आजींना दोन शब्द बोलायची विनंती केली. आजी त्यांच्या शेजारून सरळ आत गेल्या आणि दार लावून घेतलं. आम्ही सगळे बाहेर, सर हातात हार घेऊन, माइक चालू. आत नळ सुटल्याचा आवाज झाला, बंद झाला. कोणी कोणाकडे बघत नव्हतं.

आजी बाहेर आल्या, पदराला हात पुसला आणि माइककडे न जाता मला म्हणाल्या, "कडी बरोबर लागते."