कोळंबीच्या सालांचा पापड

"पापड झाला काय गो बाय?"

प्रयोगशाळेच्या दारात चप्पल काढायची, टोपली टेकवायची आणि हेच विचारायचं, हा आमच्या कोळणीचा नेम. टोपलीत कोळंबीची सालं. त्यांतून आम्ही कायटोसान नावाचा पदार्थ काढतो आणि त्याचा पातळ पापुद्रा करतो. जखमेवर लावला की तो हळूहळू औषध सोडतो आणि जखम भरता भरता विरून जातो. मी हे समजावलं तेव्हा ती म्हणाली, "मग पापडच तो!" झालं! आमचे सरसुद्धा पापड म्हणायला लागले.

एकदा सालं कॉस्टिक सोड्यात उकळायला टाकली आणि पातेलं कुंकवासारखं लालभडक. मी हादरलेच! विचारलं, तर म्हणे, "हळद-मीठ चोळला. औषदाची वस्तू, तशीच कशी द्यायची?" सोड्यात हळद लाल होते; आठवड्याची मेहनत पाण्यात. मी तिला चांगलंच फैलावर घेतलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि डब्यातली अर्धी भाकरी माझ्यापुढे ठेवली.

तिच्या टाचेला साखरेमुळे झालेली जखम होती, काही केल्या भरत नव्हती. "सालां माजी, पाय माजा. मंग मला का नाय?" माणसांवर लावायची परवानगी नव्हती. मी दर वेळी नाही म्हणायचे. ती ड्रेसिंग करून यायची आणि पुन्हा विचारायची.

एका दुपारी एक पापुद्रा कमी भरला. तिनेच नेला असणार, पायाला लावायला. तो धुतलेला नव्हता, त्यात ॲसिड होतं. रिक्षा करून भाट्याच्या किनाऱ्यावरचं तिचं घर गाठलं.

ती खिडकीशी बसली होती. पापुद्रा काचेवर चिकटवलेला. त्यातून समुद्र मधाच्या रंगाचा दिसत होता, आणि होड्या पाण्यावर नव्हे, नुसत्या उजेडावर तरंगत होत्या. कितीतरी वेळ आम्ही दोघी बघत बसलो. मी कशाला आले तेच विसरले.

"पायाला नाय लावला हां," ती म्हणाली. "तू नको म्हनलीस ना. माज्या सालांचा काय होता, ता बघायचा होता."

मला रडूच फुटलं. "येडी काय गो तू?" म्हणत तिने पाठ थोपटली.

दिवाळीच्या आधी तिचा पाय कापावा लागला. तरी विष अंगात भिनलंच. ती गेली.

परवा माणसांवर वापरून बघायची परवानगी आली. पेढे वाटले. पहिला पेशंट ठरला, टाचेचीच जखम. मी हातमोजे घालून पट्टी पाकिटात बंद केली, वर पेशंटचं नाव लिहायला पेन उचललं आणि तिचंच नाव लिहून बसले.

सरांनी ते वाचलं. दुसरं पाकीट पुढे केलं.