बिनपट्टीचा बोर्ड

विंझरला माझा फोटो-व्हिडिओचा स्टुडिओ आहे. तिथल्या टेबलाच्या खालच्या खणात पाच वर्षं एक मदरबोर्ड जुन्या टॉवेलात गुंडाळून पडला होता. बायकोनं दोनदा भंगारात द्यायला काढला, दोनदा मी परत ठेवला. कशासाठी, ते तिलाही सांगितलं नाही.

पाच वर्षांपूर्वी लग्नसराईच्या तोंडावर माझ्या कॉम्प्युटरचा आधीचा बोर्ड गेला होता. प्रोसेसर दहाएक वर्षांचा, पण शाबूत. म्हटलं, नवा बैल कशाला, आहे तोच जरा दामटू. प्रोसेसरला नेमून दिलेल्या वेगापेक्षा जास्त पळवता येतं, त्याला ओव्हरक्लॉक म्हणतात. व्हिडिओ लवकर तयार होतात. फक्त वाढीव वीज पेलणारा बोर्ड लागतो.

पुण्यातल्या दुकानदारानं दोन जुने बोर्ड काउंटरवर ठेवले. एकावर, प्रोसेसरच्या कडेनं, ॲल्युमिनियमच्या जाड पट्ट्या होत्या, तापणारे भाग निवायला. दुसऱ्यावर ते भाग उघडेच, आणि किंमत जवळजवळ निम्मी.

"वेग दोन्हीवर वाढतो काका," तो म्हणाला. "पण हा उघडा नुसता वाढवतो आणि हा पट्टीवाला सोसतो. एप्रिलात कळेल तुम्हाला."

मी बिनपट्टीचा उचलला. गरिबी नव्हती तेवढी. त्या वर्षी वेल्ह्यातल्या दुसऱ्या स्टुडिओनं ड्रोन घेतला होता आणि मलाही घ्यायचा होता. ड्रोन अख्ख्या मांडवाला दिसतो. बोर्ड कुणाला दिसतो?

आणून वेग चढवला, व्होल्टेज चढवलं, अर्धा तास चाचणी लावली. टिकला. चाचणी चांगली दहा-बारा तास चालवायची असते हे मला माहीत होतं. उन्हं तापली तसा आठवड्यातून एखादेवेळी निळा पडदा यायचा, मशीन आपोआप बंद होऊन परत सुरू व्हायचं. मी डब्याचं झाकण काढून शेजारी टेबलफॅन लावला आणि कामं घेत राहिलो. कॉपी चालू असली की पडद्यासमोरून हलायचो नाही. तरी वेग काही उतरवला नाही.

त्याच एप्रिलात गुंजवण्याला माझ्या पुतणीचं, थोरल्या भावाच्या मुलीचं, लग्न निघालं. शूटिंग माझ्याकडंच. दादा अबोल माणूस. चारचौघांत त्याला हसताना पाहिलेलं मला आठवत नाही. पण हळदीच्या संध्याकाळी हलगी वाजायला लागली आणि काय झालं कोण जाणे, हळदीनं माखलेली टोपी सावरत तो मधे उतरला आणि नाचला. नाचता नाचता कॅमेऱ्यापाशी आला.

"काढतोयस न्हवं? नीट काढ. परत न्हाई नाचायचा मी."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कॅमेऱ्याची कार्डं कॉम्प्युटरवर रिकामी करायला विंझरला आलो. कार्डं मोजकी, हळद पुसायची आणि त्यांच्यावरच लग्न काढायचं, ही आमची रीत. कॉपी चालू असतानाच निळा पडदा आला. मशीन परत सुरू झालं तेव्हा फोल्डर जागेवर होतं, फायलींची नावं होती. एकही उघडून पाहिली नाही. मुहूर्त गाठायचा होता. कार्डं पुसली.

तीन दिवसांनी पाहिलं तर हळदीची एक फाईल, नेमकी दादाच्या नाचाची, उघडेना. आत नुसती शून्यं. कार्डांवर लग्न बसलेलं.

"लाइटीनं घात केला," मी दादाला म्हणालो.

हे वाक्य आमच्याकडं कुणी तपासत नाही. पंप जळो, टीव्ही जळो, लाइटीनंच जळतो. दादानंही तपासलं नाही. त्यानं भर चौकात वायरमनला गाठलं.

"माझ्या लेकीची हळद जाळलीस रं तू!"

"दादा, त्या सकाळी लाईट हललीसुदीक न्हाई," वायरमन म्हणाला. "ह्यास्नी इचारा की."

ह्यास्नी म्हणजे मला. मी शेजारीच उभा होतो. मी मोबाईल काढून त्यात बघत राहिलो. लोक वायरमनलाच हसले.

पुढच्या वर्षी दादा गेला, झटक्यानं. लग्नाच्या व्हिडिओत तो आहे, पाठमोरा, वाढप्यांच्या गर्दीत. वहिनी दर दिवाळीला विचारायच्या, "भावजी, ते लाइटीनं गेलेलं काय निघतंय का बघा की." मी म्हणायचो, बघतोय.

गेल्या महिन्यात त्यांचा फोन आला. "जावई म्हणत्यात, पुण्यात जळकी डिस्क उघडून देत्यात. रविवारी न्यायला येत्यात."

त्या कॉम्प्युटरची डिस्क मी जपून ठेवली होती आणि ती कुठंही जळलेली नव्हती. उघडणारा माणूस पहिल्या तासात तसं सांगणार. डिस्क हरवली म्हणावं, असंही मनात येऊन गेलं. ती खरोखर जाळावी, असंसुद्धा. तेही लिहून टाकतो.

शनिवारी दुपारी गुंजवण्याला गेलो. वहिनी ओसरीवर तांदूळ निवडत होत्या. टॉवेल सोडून बोर्ड त्यांच्यापुढं ठेवला आणि सगळं सांगितलं. पट्ट्या, ड्रोन, निळा पडदा. त्यांचे हात थांबले. वाटलं, आता दादाच्या नाचाबद्दल विचारतील.

"म्हंजी त्या सकाळी लाईट हुती?"

"होती."

"अन् ह्यांनी त्या वायरमनला बोल लावला तवा तुमी तितंच हुता?"

"होतो."

"खोटा आळ घालून गेलं की हो हे. अन् त्यास्नी ठावंबी न्हाई."

चहा विचारला नाही. मग सूप भिंतीला लावलं आणि बोर्ड परत टॉवेलात बांधला. वायरमन आता निवृत्त होऊन भोरजवळ उत्रोलीला राहतो, हे त्यांनाच माहीत होतं.

"गाडी काढा."

"आत्ता?"

"मग काय दिवाळीला?"

मोटरसायकलवर मागं बसल्या, गाठोडं मांडीवर. विंझर मागं पडलं. वायरमन दारात उभं करील की नाही, त्याच्या घरची माणसं काय म्हणतील, एवढंच डोक्यात फिरत होतं.

मग वाऱ्यात कानाशी येऊन त्या म्हणाल्या, "ह्यांची माफी मी मागीन. तुमची तुमी मागा. पोरीला काय सांगायचं ते मागनं बघू."