विष्णुपंतांची वाकडी निब

जबलपूरच्या घमापुरातले नीलकंठ कठाळे कोणाकडे गेले, की आधी भिंतीवरचं कॅलेंडर सरळ करतात आणि मग बसतात. कोणी ‘बसा’ म्हणायची वाट पाहत नाहीत, आणि कॅलेंडर आपलं नाही हे तर त्यांच्या गावीही नसतं. सवयच तशी! छत्तीस वर्षं फॅक्टरीच्या टूलरूममध्ये काढली. केसाएवढा फरक दिसला तरी ‘फिर से करो’ म्हणून माल परत पाठवायचे. ते रिटायर झाले, पण नजर काही रिटायर झाली नाही. ती घरात फिरायला लागली. एक दिवस पोळीच्या गोलाईवर बोलली, तेव्हा कुमुदताईंनी लाटणंच त्यांच्या हातात दिलं. “घ्या, माप घेऊन करा तुम्हीच!”

त्यानंतर ते शाईच्या पेनांकडे वळले, आणि कुमुदताईंनी सुटकेचा निःश्वास टाकला.

आज त्यांच्याकडे एक्क्याऐंशी पेन आहेत. होमिओपॅथीच्या रिकाम्या बाटल्यांत शाया आहेत, त्यांनी स्वतः मिसळलेल्या, आणि प्रत्येक बाटलीवर चिठ्ठी. एक नर्मदेच्या पाण्यासारखी हिरवट निळी, तिच्यावर ‘ग्वारीघाट, सकाळ’. एका भडक लालवर नुसतं ‘कुमुद’ लिहिलंय. त्यावरून घरात एकदा व्हायचं ते झालं, पण चिठ्ठी काही निघाली नाही.

दर रविवारी सकाळी नेपियर टाउनात एका चहाच्या टपरीवर सात-आठ पेनवेडे जमतात. एकमेकांच्या शाया उसन्या घेतात, कागदावर रेघोट्या ओढतात, पोहे खातात. कोणाचा पेन रुसला की सगळे कठाळ्यांकडे पाहतात. त्यांना तिथं ‘डॉक्टरसाब’ म्हणतात. हे ‘डॉक्टरसाब’ ऐकलं की नीलकंठरावांची छाती इंचभर वाढते. खोटं कशाला सांगा, पोहे निमित्तच असतात.

तर अशा एका रविवारी विनता आली. ती तिथंच जवळ राहते, शाळेत शिकवते. रुमालात गुंडाळलेला एक काळा पेन तिनं त्यांच्यापुढे ठेवला.

“काका, बाबांचा आहे. शाई गळून राहिली नं, बोटं निळी होतात त्यांची. फक्त साफ करून द्या.”

विनताचे बाबा म्हणजे विष्णुपंत. रेल्वेतले रिटायर्ड गार्ड, वय शहाऐंशी. हा पेन त्यांनी इटारसीला असताना घेतला होता, शेहेचाळीस वर्षांपूर्वी. तेव्हापासून रोज सकाळी अर्धं पान डायरी लिहायची आणि लिहिलेलं मोठ्यानं वाचून दाखवायचं, हा नेम. आधी बायकोला दाखवायचे, ती गेल्यावर विनताला.

फक्त साफ करा म्हणे! नीलकंठरावांना ‘फक्त’ हा शब्द जन्मात कळला नाही. घरी जाऊन त्यांनी पेन उघडला, निबेखालची जीभ धुतली, गळती थांबवली. काम संपलं होतं. पण डोळ्याला भिंग लावून पाहतात तर काय, निबेच्या टोकाचा मणी एका अंगानं घासून तिरपा झालेला! कागदावर रेघ ओढली तर खर्रर्र आवाज. त्यांच्या अंगावर काटाच आला. बारीक पॉलिश कागद घेतला आणि दहा मिनिटांत तो मणी असा गोल गुळगुळीत केला, की पेन लोण्यावर फिरल्यासारखा चालायला लागला.

“कुमुद, पाहा पाहा! आवाज आहे का काही?”

“त्यांनी सांगितलं होतं का हे?” कुमुदताईंनी भाजी चिरताचिरता विचारलं.

“सांगायचं काय त्यात? दिसत होतं नं!”

मंगळवारी ते स्वतः स्कूटरवर पेन द्यायला गेले. कॅलेंडर सरळ केलं, बसले. विष्णुपंतांनी पेन घेतला, दोन शब्द लिहिले. थांबले. पुन्हा दोन लिहिले. मग टोपण लावून पेन टेबलावर ठेवला.

“हा माझा पेन नाही.”

“काका, तुमचाच आहे. निब थोडी ठीक केली बस.”

“शेहेचाळीस वर्षं वापरला मी. मला शिकवता?” विष्णुपंत एरवी त्यांना ‘अरे कठाळे’ म्हणत, आज थेट ‘तुम्ही’वर आले होते. “माझा जुना पेन पाहून नियत फिरली तुमची. बदलला तुम्ही. चला, निघा.”

नीलकंठराव स्कूटरपर्यंत कसे आले, त्यांचं त्यांना कळलं नाही. छत्तीस वर्षांत फॅक्टरीतला एक स्क्रू त्यांनी घरी आणला नव्हता. आणि आज चोर!

जबलपुरात मराठी माणसं मोजकी, त्यामुळे बातमी पसरायला वेळ लागत नाही. पुढच्या रविवारी टपरीवर गंधार नावाच्या बँकेतल्या पोरानं (पुण्याहून नुकताच आलेला, जीभ जरा सैल) आपला पेन दुरुस्तीला देताना हसतहसत त्याचा मोबाइलवर फोटो काढला. “पुरावा हो, डॉक्टरसाब!” सगळे हसले. नीलकंठरावही हसले. मग पोहे तसेच टाकून घरी आले आणि एक्क्याऐंशी पेनांचं कपाट लावून घेतलं.

“आता हात नाही लावत कोणाच्या पेनाला,” ते म्हणाले. “करायला गेलो गणपती अन् झाला मारुती!”

चार दिवसांनी विनता घरी आली. तोंड उतरलेलं. हातात तो पेन आणि वडिलांच्या दोन डायऱ्या.

“काका, तुम्ही बदलला नाही हे मला ठाऊक आहे. पण बाबा लिहूनच नाही राहिले. नऊ दिवस झाले. दुसरा पेन दिला तर भिरकावला. आई गेली त्या दिवशीही दोन ओळी लिहिल्या होत्या हो त्यांनी. आता सकाळी नुसते डायरी उघडून बसतात.” तिनं पेन त्यांच्यापुढे सरकवला. “काहीतरी करा नं.”

नीलकंठरावांनी डायरी घेतली, भिंग लावलं. पहिल्याच पानावर भिंग थांबलं. प्रत्येक शब्दाची शिरोरेघ जाड, ठसठशीत, आणि काना बारीक, सुतासारखा. पान उलटलं, तेच. विष्णुपंत पेन अंगठ्याकडे कलता धरत होते. शेहेचाळीस वर्षं रोज अर्धं पान घासून घासून निबेनं त्यांच्या हाताचा कल घेतला होता. तो बिघाड नव्हताच. आणि आपण? दहा मिनिटांत पुसून टाकला!

“काका बरोबर म्हणाले,” नीलकंठराव हळूच बोलले. “हा त्यांचा पेन नाही. राहिलाच नाही.”

कुमुदताईंनी उठून पेनांचं कपाट उघडून दिलं.

मग नीलकंठरावांनी कंबर कसली. मण्यात अजून थोडा जीव शिल्लक होता. पण पेन नेमका कसा धरतात, ते पाहायला हवं, आणि विष्णुपंत तर दारात उभं करत नव्हते. विनतानं युक्ती केली. बाबा पेन्सिलनं शब्दकोडं सोडवत असताना मोबाइलवर व्हिडिओ घेतला आणि पाठवला. नीलकंठरावांनी तो पन्नासदा पाहिला असेल. तसा पेन धरून पाहिला, कोन मापला, ग्राफ पेपरवर काढला.

तीन दुपारी गॅलरीत उजेडाला बसून ते निब वाकडी करत होते. काय सांगावं, हातच पुढे होईना! जन्मभर तिरपं दिसलं की सरळ केलं, आता मुद्दाम तिरपं करायचं म्हणजे अंगाला घाम. पॉलिश कागदावर दोन घासे, मग डायरीशेजारी शब्द लिहून ताडून पाहायचं. पुन्हा दोन घासे. तिसऱ्या दुपारी एक रेघ ओढली आणि कागदावर बारीकसा खर्रर्र उमटला.

“कुमुद! आवाज आला! ऐक, काय सुंदर खराब चालतोय!”

“अभिनंदन,” कुमुदताई म्हणाल्या. “आता माझ्या पोळ्याही चालतील मग.”

दुसऱ्या दिवशी सकाळी ते विनतासोबत विष्णुपंतांपुढे उभे राहिले. कॅलेंडरकडे लक्षही गेलं नाही. खिशात भिंग, हातात ग्राफ पेपर. सगळं तयार ठेवलं होतं: निब कशी घासते, कल कसा बसतो, चोरी कशी झालीच नाही. एक-एक मुद्दा पटवून द्यायचा आणि नाव धुऊन घ्यायचं.

विष्णुपंतांनी पेन घेतला. नाराजीनंच एक ओळ लिहायला लागले. खर्रर्र. ते थांबले. कान जरा कागदाकडे नेला, पुन्हा लिहिलं. आणि त्यांचा सुरकुतलेला चेहरा असा उजळला, की विनतानं पदर तोंडाला लावला.

“हाच! हाच माझा पेन! अरे कठाळे, कुठं होता हा?”

नीलकंठराव पुन्हा ‘अरे कठाळे’ झाले होते. ग्राफ पेपर त्यांनी अर्धा उलगडला होता. पण आता हे सांगायचं, की काका, हा तोच आहे, मी आधी मोडला आणि मग जोडला? म्हणजे म्हातारा उद्यापासून प्रत्येक अक्षराचा संशय घेत बसणार. त्यांनी विनताकडे पाहिलं. कागदाची घडी केली आणि खिशात घातली.

“काका… बदलला होता. माझ्याकडून चूक झाली. माफ करा.”

“पाहा!” विष्णुपंतांनी टेबलावर थाप मारली. “मग पहिल्याच दिवशी कबूल करायचं नं बापा! काहून अडून बसला होता? विनता, चहा टाक याच्यासाठी. साखर जास्त.”

चहा येईपर्यंत त्यांनी डायरी ओढली आणि खर्रर्र खर्रर्र करत सबंध पान लिहून काढलं. मग चष्मा नीट केला आणि नेमाप्रमाणे मोठ्यानं वाचत शेवटाला आले:

“‘नीलकंठ कठाळे यानं माझा पेन बदलला होता. आज आपणहून परत आणून दिला व चूक कबूल केली. माणूस इमानदार आहे.’” त्यांनी वर पाहिलं. “बरोबर लिहिलं नं? काही सुधारायचं असलं तर सांग. तुझी नजर बारीक.”

नीलकंठराव डायरीवर वाकले. शिरोरेघ जाड, काना बारीक.

“नाही काका,” ते म्हणाले. “एका अक्षराला हात लावायची गरज नाही.”