हरेल त्याने गरबा करायचा

अश्विनीइतकी हरलेली कॅप्टन बडोद्यात दुसरी झाली नसेल.

तिला जाऊन आज वर्ष झालं. रडून झालंय. आज तिच्या नावाने फुशारकी मारायची आहे.

कॉलेजात आम्ही अल्टिमेट फ्रिस्बी खेळायचो. ऑर्कुटचे दिवस. हा खेळ कुणाच्या गावीही नव्हता. आई विचारायची, "निघालास थाळ्या फेकायला?"

मुलं-मुली एकाच टीममध्ये. ती थाळी, म्हणजे डिस्क, समोरच्या टोकाच्या पट्ट्यात पाय आत ठेवून झेलली की पॉइंट. अंपायर नाही. फाउल झाला, पाय बाहेर पडला, तर आपलं आपण सांगायचं.

आम्ही प्रत्येक मॅच हरायचो. सुरतेकडून, अहमदाबादकडून, एकदा तर शाळेतल्या पोरांकडून.

म्हणून आमच्या कॅप्टनने, नागरवाड्याच्या या बाईने, नियम काढला. हरेल त्याने गरबा करायचा. मैदानाच्या मधोमध, समोरच्या टीमला सोबत घेऊन.

"हरलो म्हणून काय तोंडं पाडून बसायचं? चला, ताळी पाडा!"

आमचे स्पोर्ट्सचे सर वैतागले. "बेन, आ टीम छे के गरबा क्लास? पुणावाळा आवे छे. एक मॅच जीती बतावो, नहीं तो ग्राउंड क्रिकेटवाळाने!"

म्हणजे ही मॅच हरलो की ग्राउंड गेलं. टीमही गेली.

पुणेकर आले. सगळ्यांना एकसारख्या जर्सी, स्टडवाले बूट. आमच्यातले निम्मे अनवाणी.

तरी आम्ही बरोबरीत आलो! आता एकच पॉइंट. जो करेल तो जिंकला.

अश्विनीने कोपऱ्यात झेप घेऊन डिस्क पकडली. आम्ही बोंबलत धावलो.

आणि तिने हात वर केला.

"नाही. माझा पाय बाहेर होता."

कुणीच पाहिलं नव्हतं. पुणेकरांनीसुद्धा नाही. सरांनी कपाळावर हात मारला.

मी ओरडलो, "आशू, ग्राउंड जाईल!"

"जाऊ दे. बोलू नकोस, तुझा माणूस पकड."

डिस्क पुण्याला मिळाली. त्यांनी लांब फेकली. वारा सुटला होता, आणि ही पोरगी गच्चीवर पतंग काटत वाढलेली. जिथे कुणीच नव्हतं तिथे ती पळाली, आणि डिस्क वळून तिथेच आली.

पाडली. उचलली. फेकली.

मी जिवाच्या आकांताने पळालो आणि दोन्ही हातांनी धरली.

माझे पाय आत आहेत का, ते तिने आधी पाहिलं. मग किंचाळली.

जिंकलो! सर पळत आले. "लई लो ग्राउंड, लई लो!" ग्राउंड आमचंच राहिलं.

आम्ही तिला खांद्यावर घेतलं, तर म्हणते, "अरे उतरवा मला. गरबा राहिलाय."

हरलेले आज पुणेकर. त्यांचा कॅप्टन कसनुसा होऊन म्हणाला, "अहो, पण आम्हाला येत नाही."

"मग मी कशाला आहे?"

अख्ख्या टीमला शिकवलं तिने. त्या कॅप्टनची टाळी शेवटपर्यंत चुकत होती. इतकं सुख मला नंतर नोकरीत, लग्नात, इथेच बडोद्यात, वासण्यात फ्लॅट घेतला तेव्हाही झालं नाही. बायको वाचतेय, तरी लिहितो.

गेल्या वर्षी आजाराने आशूला नेलं. त्या दिवशी टीम नुसती उभी होती. गरबा राहूनच गेला.

आज संध्याकाळी त्याच ग्राउंडवर सगळे येतोय. पुण्याचा तो कॅप्टनही निघालाय. म्हणाला, "टाळी अजून चुकते हं."

आशू, या वेळी आम्ही हरलो.

नियम तुझाच आहे. गरबा आम्ही करतो.

तू फक्त मध्ये उभी राहा.